आत वळवलेला आरसा

हिमिको राणीला पाहिलेला माणूस यामाताईच्या मुलखात शोधून सापडला नसता, आणि तिच्याविषयी काहीच ठाऊक नसलेला माणूसही सापडला नसता. थोरल्या बाईंच्या दिमतीला हजार दासी आहेत, कुंपणाच्या आत जाणारा पुरुष एकच, तोच ताट नेतो आणि तोच निरोप आणतो, बाईंनी लग्न केलं नाही, कारभार धाकटा भाऊ बघतो, एवढं तर शेंबडं पोरही सांगे. त्यापुढचं ज्याच्या त्याच्या जिभेवर. कोणी म्हणे बाई उंच आहेत, कोणी म्हणे ठेंगण्या. कोणी म्हणे त्या झोपेत बोलतात आणि आपण तेच देवाचं बोलणं म्हणून ऐकतो. हे शेवटचं मात्र जो तो इकडेतिकडे बघून सांगे.

इवानेला इतरांपेक्षा चार गोष्टी जास्त ठाऊक असत, कारण तो नऊ वर्षं बाहेरच्या दारावर पहारेकरी होता. या नऊ वर्षांत त्याने प्रत्यक्ष पाहिलं ते असं: लाकडी कुंपण, टेहळणीचा माळा, दासींची पावलं आणि कवडसा. ऊन असलेल्या प्रत्येक दिवशी सकाळी आत बाई काशाचा आरसा सूर्याला दाखवत आणि उजेडाचा एक ठिपका कुंपणावरून सरकत दारावर येई. कधीकधी तो इवानेच्या छातीवरून जाई. बाईंशी त्याची ओळख इतकीच. एवढ्या भांडवलावर तो गावभर भाव खाई आणि लोकही त्याला तो देत.

मग ज्या वर्षी समुद्रापलीकडच्या सुभ्याकडे नजराणा पाठवायचं ठरलं, त्या वर्षी हाडाने त्याचं नाव सांगितलं.

समुद्रापलीकडे नाव जायची म्हणजे वल्हेकरी लागतात, एक तांडेल लागतो, एक सरदार लागतो आणि एक सुतकी लागतो. बाकीच्यांचं काम कुणालाही कळतं. सुतक्याचं काम काही न करण्याचं. नाव किनारा सोडते तेव्हापासून परत येईपर्यंत त्याने केस विंचरायचे नाहीत, अंग धुवायचं नाही, कपडे बदलायचे नाहीत, उवा मारायच्या नाहीत, मांस खायचं नाही, बाईजवळ जायचं नाही. घरातलं माणूस गेल्यासारखं नावेच्या पिछाडीला बसून राहायचं. नाव सुखरूप परतली तर त्याला जमीन, दोन गडी आणि रेशमाचा तागा मिळतो. कुणी आजारी पडलं किंवा वादळ आलं, तर सुतक्याने कुठेतरी पाळणूक मोडली असं ठरतं आणि त्याला तिथेच संपवतात. सौदा स्वच्छ आहे, बाकी काही स्वच्छ नसलं तरी.

हरणाच्या खांद्याचं हाड विस्तवावर धरलं, त्याला तडे गेले, जाणत्याने ते वाचले आणि इवानेचं नाव घेतलं. हाडाशी वाद घालता येत नाही. इवानेने दोनदा टाळी वाजवून मान दिला आणि घरी येऊन बायकोला, कायानेला, सांगितलं.

"नाहीतरी तुम्हाला अंघोळीचा कंटाळाच," कायाने म्हणाली.

"जमीन मिळेल."

"मिळेल. नाहीतर मी तरी सुटेन एकदाची." असं म्हणून ती तांदूळ आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. बाहेर आली तेव्हा हातात तांदूळ नव्हते.

जातानाचा प्रवास मजेत झाला. इकी बेट मागे पडलं, त्सुशिमाचे डोंगर मागे पडले, वारा शहाण्यासारखा वागला. सरदार मासुकी नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ, चटईच्या आडोशाला बसून असत. ते कमी बोलत आणि दिसायला झोपाळू होते. नावेचा खरा मालक म्हणजे तांडेल शिओमी. तो जुना पाणबुड्या, दोन्ही गालांवर गोंदण, आणि ज्याला त्याला टोचून बोलायची सवय. वल्हेकऱ्यांचे हातपाय दुखले की ते विश्रांतीला पिछाडीकडे तोंड करून बसत आणि इवानेला छळत.

"काय रे सुतक्या, थोरल्या बाई जेवतात काय?" हायाताने विचारलं. हा वल्हेकऱ्यांतला सगळ्यात आडदांड.

"मासा. पण काटे काढलेला. काटे काढायला सहा दासी."

"एका माशाला सहा?"

"एक डोक्याकडून काढते, एक शेपटीकडून. बाकीच्या चौघी बघायला."

"तू बघितलंस?"

"ताट माझ्यासमोरून जायचं. झाकलेलं असायचं, पण वास कुणाला झाकता आलाय?"

"घोरतात का?"

"थोर माणसं घोरत नाहीत, हायाता. ती श्वास मोठ्यानं घेतात."

सगळे हसले. शिओमी सुकाणूवरून म्हणाला, "लेकाचा धडधडीत खोटं बोलतोय. अरे इवान्या, सुतकी आहेस तू. लाज धर."

"खोटं बोलू नये असं पाळणुकीत कुठंय, शिओमीकाका? केस, अंघोळ, कपडे, उवा, मांस, बाई. झालं."

शिओमीने मनाशी यादी मोजली आणि नाइलाजाने मान हलवली. पूर्वजांना हे सुचलं नव्हतं खरं.

सुभ्यात नजराणा पोचला. तिथल्या कारकुनाने दुभाष्याला मध्ये घालून विचारलं की तुमची राणी कशी आहे. वल्हेकऱ्यांनी आनंदाने जे ठाऊक होतं ते सांगितलं आणि जे ठाऊक नव्हतं तेही सांगितलं. हजार दासींचं त्याने टिपून घेतलं. सहा दासींच्या माशाचं घेतलं की नाही, देव जाणे. इवाने तेवढा वेळ नावेतच पेज खात बसला होता. डोक्याची जटा झाली होती आणि अंगाला असा वास येत होता की धक्क्यावरची कुत्रीही वळसा घालून जात. पण तो खूष होता. अर्धं काम झालं होतं.

परतीला नावेत पेंढ्यात बांधलेले काशाचे आरसे होते. पलीकडचा किनारा दिसेनासा झाला आणि हायाताला ताप भरला. आधी सगळ्यांनी थट्टा केली. मग दुसरा पडला, मग तिसरा, आणि थट्टा थांबली. हायाता डोळे अर्धे उघडे ठेवून आईला हाका मारू लागला. वल्हेकरी आता पिछाडीकडे पाठ करून बसत. इवानेला ते कळलं. नऊ वर्षं पहारा केलेल्या माणसाला माणसांच्या पाठी वाचता येतात.

एका दुपारी शिओमी सुकाणू दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच्याकडे आला. त्याच्या कमरेला लोखंडी सुरा होता. तो नेहमीच असे, पण आज त्याचा हात त्यावर होता.

"इवान्या, ऊठ."

इवाने उठला. शिओमीने काडीने त्याचे केस बाजूला करून पाहिले. मागून कुणीतरी विचारलं, "आहेत का उवा?"

"आहेत."

"भरपूर?"

"मोप आहेत."

मग एक म्हणाला की सुभ्याच्या धक्क्यावर याने हरणाचं मांस खाल्लं. दुसऱ्याने त्यालाच झापलं की धक्क्यावर मी याच्याजवळ होतो, पेजेशिवाय काही शिवला नाही. बाईचा तर प्रश्नच नव्हता. तिला नाक असतं. कपडे तेच, मळ तोच. शोधून शोधून काही सापडेना, आणि तिकडे हायाता हाका मारतच होता.

शिओमीचा आवाज उतरला. "हे बघ, तू पाळलंस हे दिसतंय. पण ताप आलाय हेही दिसतंय. मी काय करू सांग."

त्याला खरंच सांगून हवं होतं. इवानेला कायाने तांदूळ आणायला गेलेली आठवली, आणि मरायचं नाही एवढा एकच विचार डोक्यात राहिला.

"शिओमीकाका," तो म्हणाला, "मी बसलोय या नावेसाठी. आख्ख्या मुलखासाठी कोण बसलंय?"

इवानेने घरच्या किनाऱ्याच्या दिशेने हात केला.

"नवरा नाही, पोर नाही, माणसात येणं नाही. आपलं भात पिकावं, आपली नाव पोचावी म्हणून थोरल्या बाई आत बसल्यात. माझं सुतक एका फेरीचं, त्यांचं जन्माचं. माझ्या डोक्यातल्या उवा तुम्ही मोजल्यात. त्यांचं कोण बघणार?"

"तोंड आवर."

"आवरतो. पण दारावर मी होतो, तुम्ही नव्हता." आणि मग ते त्याच्या तोंडून निघालं. आधी ठरवलेलं नव्हतं, बोलता बोलता जमत गेलं. "रोज सकाळी कवडसा यायचा दारावर. बाई सूर्याला आरसा दाखवायच्या तो. एके दिवशी लख्ख ऊन, आणि कवडसा नाही. मी वाट बघतोय. तेवढ्यात एक दासी बाहेर आली, पांढरी पडलेली. दुसरीला म्हणाली, बाईंनी आरसा आत वळवलाय. आपलं तोंड बघत बसल्यात."

वल्हेकऱ्यांची वल्ही थांबली. आरसा सूर्याचा. त्यात आपलं तोंड बघणं म्हणजे देवापुढचं ताट आपल्या पुढ्यात ओढणं. हे ऐकलं नसतं तर बरं झालं असतं असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं, आणि ऐकलेलं कुणी विसरणार नाही असंही होतं.

शिओमीचा हात सुऱ्यावरून खाली आला. दोष जर तिथला असेल तर इथला माणूस मारून ताप उतरणार नाही, आणि उतरला नाही तर पुढचा कोण, हा हिशेब त्याला चटकन कळला. "आज राहू दे," तो म्हणाला. "बघू."

इवाने मटकन खाली बसला. तेवढ्यात नाळेकडून खोकल्याचा आवाज आला. सरदार मासुकी चटईच्या आडोशातून त्याच्याकडे बघत होते. रागाने नाही. बाजारात कामाची वस्तू दिसल्यावर माणूस बघतो तसे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले.

त्सुशिमा दिसेपर्यंत हायाताचा ताप उतरला आणि त्याने खायला मागितलं. बाकीचे दोघेही बरे झाले. वल्हेकऱ्यांनी पुन्हा पिछाडीकडे तोंडं केली.

इवानेला जमीन मिळाली, नदीकाठची. दोन गडी मिळाले, रेशमाचा तागा मिळाला. कायानेने त्याला नदीत नेऊन वाळूने घासलं, डोकं सोडवताना तीन कंगवे मोडले आणि पूर्ण वेळ शिव्या दिल्या. दारावरची चाकरी सुटली. पुढची काही वर्षं इवाने सुखी होता, हे सांगायला हवं. तो सकाळी बांधावर जाई, संध्याकाळी तांदळाची दारू पिई, आणि कायाने त्याला आळशी म्हणे. तो होताच.

ती गोष्ट त्याला पुन्हा भेटली एका लग्नात. शेजारच्या गावचा अनोळखी माणूस त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "ऐकलंत का, थोरल्या बाई रोज आरशात तोंड बघतात म्हणे. बघतात आणि हसतात." रोज बघणं आणि हसणं इवानेचं नव्हतं, वाटेत कुणीतरी घातलं होतं. त्याने तेव्हाच सांगायचं होतं की हे खोटं आहे. पण तो माणूस इतक्या विश्वासाने सांगत होता, आणि दारू चांगली होती. इवानेने जाणत्यासारखी मान हलवली. या मान हलवण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

मग एका वर्षी रोपं करपली. दुसऱ्या वर्षी पाऊस नको तेव्हा आला आणि कापलेलं भात शेतातच कुजलं. त्याच वर्षी एका सकाळी सूर्य ग्रहण लागलेलाच उगवला. डोंगराच्या वर आला तो अर्धा खाल्लेला. माणसं शेतात होती तिथेच हात जमिनीला टेकवून बसली. कोंबडे गप्प झाले. थोड्या वेळाने सूर्य पूर्ण झाला, ऊन पडलं, पण त्या दिवशी कुणी काम केलं नाही. संध्याकाळपर्यंत मुलखात एकच वाक्य फिरत होतं. आरसा आत वळवला, म्हणून त्याने तोंड फिरवलं.

कुंपणासमोरच्या मैदानात सभा बोलावली ती सरदार मासुकींनी. आता ते मोठे झाले होते, त्यांच्यामागे माणसं होती. इवानेला बोलावणं आलं.

"गुळणी धरा," कायाने म्हणाली. "काही आठवत नाही म्हणा."

"आणि खोदून विचारलं तर?"

"म्हणावं तेव्हा कानात मळ होता. नावेवरचे सगळे साक्ष देतील."

इवाने हसला आणि गेला. वाटेत त्याने ठरवलंही होतं की तसंच म्हणायचं.

पण मैदानात उभा राहिल्यावर त्याला ते कुंपण दिसलं. तेच लाकूड, तोच माळा. माणसं इतकी जमली होती की त्यांचं बोलणं आत सहज ऐकू जात असणार. नऊ वर्षं तो त्या कुंपणाकडे पाठ करून उभा राहिला होता, आणि आत खरोखर एक बाई बसलेली असते हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. आज जाणवलं. नावेवर सगळे आपल्या डोक्यात काडी घालून उवा शोधत होते, तेव्हा आपल्याला कसं वाटलं होतं ते आठवलं. आता हे लोक तिच्यात शोधत होते आणि काडी त्यानेच हातात दिली होती. त्याला त्या बाईची कीव आली आणि स्वतःची किळस आली.

"इवाने," मासुकी सौम्यपणे म्हणाले, "नावेवर जे सांगितलंस ते सगळ्यांना सांग."

"सरकार, ते मी खोटं सांगितलं."

मैदानात कुजबूज झाली.

"कवडसा रोज यायचा. ऊन असेल तेव्हा एकदाही चुकला नाही. दासी काही बोलली नाही, मुळात दासी आलीच नाही. शिओमीकाका सुरा घेऊन उभे होते. मला मरायचं नव्हतं. म्हणून बोललो."

तो थांबला. त्याला मोकळं वाटलं. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं प्रथमच मनापासून वाटलं.

गर्दीतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागतोय हो." हे सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळ्यांना पटलं. माना हलू लागल्या.

"नाही नाही," इवाने म्हणाला. "खरंच सांगतोय."

मासुकींनी शिओमीला पुढे बोलावलं. तांडेल आता वाकला होता, पण जीभ तीच होती. "खोटं बोलायची खोड आहे याला," तो म्हणाला. "मासा, घोरणं, काय वाट्टेल ते बोलायचा. पण त्या दिवशी सुरा होता माझ्या हातात, सरकार. सुऱ्याखाली माणूस खोटं बोलत नाही. आता बोलतोय."

"काका, सुऱ्याखालीच बोलतो माणूस खोटं," इवाने म्हणाला. ते कुणी ऐकून घेतलं नाही.

मासुकी जवळ आले. त्यांनी इवानेच्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या प्रेमाने. "नऊ वर्षं दारावर होतास. बाईंनी तुझ्याकडे कधी पाहिलंही नसेल. आणि त्यांच्यासाठी तू चारचौघांत स्वतःला खोटारडा म्हणवून घेतोस."

"त्यांच्यासाठी नाही, सरकार. ते खरोखरच..."

"बस. बस खाली. पुष्कळ केलंस." ते लोकांकडे वळले. "असा एक तरी माणूस प्रत्येकाच्या दारावर असावा."

बायकांनी डोळे पुसले. इवाने खाली बसला. आपण जितकं नाकारू तितकं ते घट्ट होत जाणार, हे त्याला बसल्या जागी कळलं.

त्यानंतर पंधरवडा गेला नसेल, थोरल्या बाई गेल्या. वयाने गेल्या, असं कारभाऱ्यांनी सांगितलं. वय झालंच होतं. आत काय झालं ते आतल्यांना ठाऊक, आणि आतल्या पुष्कळ जणी आता बाहेर येणारच नव्हत्या, कारण थोर माणूस जातं तेव्हा एकटं जात नाही. बाईंसाठी डोंगराएवढी माती रचायची ठरली आणि त्यांच्यासोबत शंभर जण त्याच मातीत द्यायचे ठरले.

शिओमी इवानेच्या घरी आला तो भर दुपारी, काठी टेकत. उंबऱ्यावर बसला. कायानेने दारू पुढे केली, ती त्याने घेतली नाही. तेव्हाच तिने भांडं खाली ठेवलं आणि तिथेच उभी राहिली.

"दासी जाणार आहेत, बहुतेक सगळ्या जवळच्या," शिओमी म्हणाला. "आणि दारावरचा एक."

"दारावर आता तरणी पोरं आहेत," इवाने म्हणाला. "बिचारी."

"त्यांच्यातला नाही. मासुकी सरकारांनी स्वतः नाव घेतलं. म्हणाले, इतका इमानी माणूस मुलखात दुसरा नाही, त्याला मागे ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय." त्याने काठीने जमीन उकरली. "मोठा मान आहे तसा. लोक तुझं नाव घेतायत."

इवानेला आधी हसू आलं. मग ते कुठेतरी मध्येच गेलं.

"नाही म्हणता येतं का?" कायानेने विचारलं.

"म्हणता येतं. मग जमीन जाते, गडी जातात, आणि घरचं माणूस कुंपणात दासी म्हणून जमा होतं."

"मग होऊ दे जमा. काका, तुमची नाव आहे ना? यांना घेऊन जा. इकीला सोडा, कुठेही सोडा." ती नवऱ्याकडे वळली. "उठा, अहो. बसलात काय? मी जाते कुंपणात. मला काय, भात शिजवायचा, इथं काय आणि तिथं काय."

इवाने उठला नाही. कुंपणातल्या दासी कुठे चालल्या होत्या हे तिघांनाही ठाऊक होतं. कायानेलाही ठाऊक होतं, म्हणूनच ती इतक्या भराभर बोलत होती. शेवटी तिचं बोलणं संपलं आणि ती खाली बसली. तिने त्याची बाही धरली आणि सोडली नाही. शिओमी कधी उठून गेला ते दोघांना कळलं नाही.

माती रचायचं काम चालू होतं तेव्हा इवाने एकदा ते बघायला गेला. आपली जागा बघून यावी, एवढंच मनात होतं. गावोगावची माणसं टोपल्या घेऊन रांगेने चढत होती आणि रिकाम्या टोपल्या घेऊन दुसऱ्या बाजूने उतरत होती. उंची पुष्कळ झाली होती. एक मध्यमवयाची बाई टोपली खाली ठेवून पाठ मोकळी करत होती. गालावर माती होती आणि चेहरा बोलका होता.

"बघायला आलात?" ती म्हणाली. "बघा, बघा. असं पुन्हा व्हायचं नाही. शंभर जण जाणार आहेत सोबत. आणि त्यातला एक दारवान आहे, ठाऊक आहे का?"

"काय त्याचं?"

"त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून सरदारांचे पाय धरले म्हणे, मला बाईंबरोबर जाऊ द्या म्हणून. ते नको म्हणत होते. हा तीन दिवस जेवला नाही. शेवटी त्यांनाच दया आली."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"अहो, सगळ्यांनाच ठाऊक आहे."

इवानेने बोलायला तोंड उघडलं. तिच्या मागे रांग थांबली होती आणि मुकादम ओरडत होता. बाई उत्सुकतेने त्याच्याकडे बघत होती. आणखी काही मिळालं तर तिला हवं होतं.

"तुम्ही काही ऐकलंय का त्याच्याबद्दल?" तिने विचारलं.

"ऐकलंय," इवाने म्हणाला. "बायकोवर फार जीव होता म्हणे त्याचा."

बाई टोपलीकडे वाकली. "हे नव्हतं हो ठाऊक," ती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन रांगेतून वर चढू लागली.